पडता पडता उभे

मानवजातीने स्वतःविषयी जे गौरवोद्गार काढले आहेत, त्यांत 'दोन पायांवर ताठ उभा राहणारा प्राणी' या उद्गाराचे स्थान बरेच वरचे असून, शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापर्यंत सर्वत्र त्याची पुनरुक्ती आढळते. तथापि शरीररचनाशास्त्राची साक्ष काढली असता असे दिसते की, हा प्राणी उभा राहत नसून अखंड पुढे पडत असतो आणि पडणे पुरे होण्याआधी त्याला कोणीतरी मागून ओढून धरत असते. ओढून धरण्याचे काम पोटरी करते, तिची ओढ ज्या हाडावर बसते ते टाचेचे हाड, आणि हा सारा व्यवहार ज्या सांध्यावर तोलला जातो तो घोटा. स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून जमिनीवर लंब टाकला, तर तो घोट्याच्या सांध्यातून न जाता त्याच्या काही सेंटिमीटर पुढे उतरतो. याचा सरळ अर्थ असा की, पोटरीने क्षणभर रजा घेतल्यास कोणताही प्रतिष्ठित नागरिक नाकावर आपटेल.

पोटरीच्या आतल्या थरात 'सोलियस' नावाचा एक रुंद, चपटा स्नायू असतो आणि रजा न घेण्याची ही जबाबदारी मुख्यत्वे त्याच्यावर सोपवलेली असते. त्याचे बहुसंख्य तंतू सावकाश आकुंचन पावणाऱ्या पण लवकर न थकणाऱ्या जातीचे असल्यामुळे तो तासन्‌तास काम करतो. त्याखेरीज आकुंचन पावताना पोटरीतील नीला दाबून पायात साचू पाहणारे रक्त हृदयाकडे वर ढकलण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. आणि म्हणूनच ध्वजवंदनाच्या वेळी मुळीच न हलता ताठ उभा राहिलेला विद्यार्थी पाहुण्यांचे भाषण लांबल्यास चक्कर येऊन कोसळतो, तर शिस्त मोडून या पायावरून त्या पायावर भार देत चुळबुळ करणारा विद्यार्थी शेवटपर्यंत शाबूत राहतो. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या पंढरीच्या दैवताच्या मुखाचे, कानांतील कुंडलांचे आणि कटीवरील करांचे वर्णन संतांनी विपुल केले आहे. परंतु दोन्ही पाय जुळवून एका विटेएवढ्या जागेत तोल सांभाळणे हे शरीरशास्त्रदृष्ट्या कमरेवर हात ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड असूनही, सोलियसच्या वाट्याला एकही स्वतंत्र अभंग आलेला दिसत नाही.

आता हाडांकडे वळावयाचे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे मानली जातात आणि त्यांपैकी ५२, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दोन पावलांत भरलेली असतात. नडगीचे जाड हाड 'टिबिया' आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले बारीक हाड 'फिब्युला' ही दोन्ही खाली उतरताना एकेक उंचवटा धारण करतात, आणि सामान्य माणूस ज्याला 'घोटा' म्हणून हात लावून दाखवतो तो हाच उंचवटा होय. आतला घोटा टिबियाचा आणि बाहेरचा फिब्युलाचा, म्हणजे एकाच पायाचे दोन घोटे दोन निरनिराळ्या हाडांच्या मालकीचे असतात. शिवाय बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खाली आणि थोडा मागे असतो. ही गोष्ट ज्याच्या त्याच्या पायावर उपलब्ध असूनही बहुतेकांचे सारे आयुष्य ती न पाहता निघून जाते. सराफांच्या दृष्टीने या दोन उंचवट्यांचे महत्त्व वेगळेच आहे, कारण वाळे, तोडे, पैंजण इत्यादी अलंकार पावलावरून घसरून रस्त्यावर पडत नाहीत, याचे श्रेय कारागिराइतकेच या दोन हाडांनाही द्यावे लागते.

या दोन घोट्यांच्या मध्ये, सुताराने लाकडात पाडलेल्या खाचेसारखी जी जागा तयार होते, तीत 'टॅलस' नावाचे हाड बसते. या हाडाचा स्वभाव विलक्षण आहे. पायात स्नायूंची एवढी गर्दी असताना टॅलसला एकही स्नायू येऊन चिकटत नाही किंवा त्याच्यापासून निघत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे तीन पंचमांश भाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला असतो. लग्नघरातील ज्येष्ठ काका जसे स्वतः पाटसुद्धा हलवत नाहीत, पण त्यांना ओलांडून एकही ताट पंगतीत जाऊ शकत नाही, तसे या हाडाचे आहे. कारण डोक्यापासून नडगीपर्यंतचे सगळे वजन आधी टॅलसवर येते आणि तेथून मागे टाचेकडे व पुढे चवड्याकडे वाटले जाते. मात्र या निष्क्रियतेची किंमतही त्याला मोजावी लागते. कूर्चेने एवढी जागा व्यापल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास थोड्याच वाटा उरतात, त्यातही बरेचसे रक्त पुढच्या 'मानेकडून' मागच्या धडाकडे उलट्या दिशेने जाते. त्यामुळे मान मोडली की धडाचा रक्तपुरवठा तुटून हाडाचा तो भाग निर्जीव होण्याचे भय असते. पहिल्या महायुद्धात विमाने कोसळताना वैमानिकांचे पाय सुकाणूच्या दांड्यावर जोराने दाबले जाऊन हेच हाड मोडत असे, आणि म्हणून १९१९ साली या दुखापतीला वैमानिकांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

मेंढीच्या पायातील हेच हाड प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक फासे म्हणून वापरीत असत. वैदिक काळातील जुगारी बेहड्याची फळे टाकून सर्वस्व हरत, तर भूमध्य समुद्राच्या काठचा जुगारी मेंढीचे घोटे टाकून हरत असे. साधन वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, यामुळे निकालात फरक पडल्याचे दिसत नाही.

टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो, व या एका गोष्टीवर मुरगळण्याचे सगळे शास्त्र उभे आहे. चवडा वर उचलला की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो आणि सांधा भक्कम होतो. चवडा खाली झुकवला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांध्याला ढिलाई येते. चवडा वर साधारण २० अंश आणि खाली साधारण ५० अंश जातो, म्हणजे निसर्गाने सैल होण्याची मुभा घट्ट होण्याच्या मुभेपेक्षा अडीचपट ठेवली आहे. पायरी उतरताना, उंच टाचेची चप्पल घालून मिरवताना, किंवा पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या आणि म्हणून उथळ वाटणाऱ्या खड्ड्यात पाऊल टाकताना चवडा खाली झुकलेला असतो. नेमक्या त्याच वेळी पाऊल आतल्या बाजूला वळते. ते आतच का वळते, याचे एक कारण असे की, आतला घोटा तोकडा असल्याने त्या बाजूला अडवणूक कमी असते. दुसरे असे की, हाडांना हाडांशी बांधणारे जे चिवट पट्टे असतात, ज्यांना अस्थिबंध म्हणतात, ते आतल्या बाजूला त्रिकोणी आणि दणकट, तर बाहेरच्या बाजूला तीन सुट्या दोऱ्यांच्या स्वरूपात असतात. या तिघांपैकी फिब्युला आणि टॅलस यांना पुढून जोडणारा अस्थिबंध सर्वांत दुबळा असल्याने मुरगळलेल्या पायात बहुधा त्याचाच बळी जातो. आतला अस्थिबंध याच्या उलट इतका हट्टी की, प्रसंगी तो स्वतः न तुटता हाडाचा टवका उपटून काढतो.

या आपत्तीवर घरोघरी आंबेहळद आणि रक्तबोळ यांचा गरम लेप, आणि दवाखान्यात विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उशीवर पाय, असे दोन पंथ नांदतात. एकात ऊब आणि दुसऱ्यात गारवा असल्यामुळे घरात आजी आणि डॉक्टर नात एकाच वेळी हजर असल्यास रुग्णाचे हाल होतात. एक्स-रे काढावा की नाही, या प्रश्नावर मात्र १९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी एक साधा नियम दिला असून, त्यानुसार घोट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत नसेल आणि रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, तर घोट्याच्या एक्स-रेची सहसा गरज नसते. लंगडत टाकलेली पावलेही यात धरली जातात. पाय मुरगळलेल्या पोराला 'चालून दाखव बघू' असा हुकूम सोडणाऱ्या असंख्य वडीलधाऱ्यांनी हा नियम अर्धा का होईना आधीच शोधून काढला होता, परंतु त्यांनी तो प्रबंधरूपाने प्रसिद्ध न केल्याने त्यांचे नाव राहिले नाही. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्या, म्हणजे पायाळू, व्यक्तीच्या पायाचा स्पर्श उसण भरलेल्या पाठीला गुणकारी मानण्याची जी रूढी महाराष्ट्रात आहे, तिचाही येथे निर्देश करणे योग्य होईल. मात्र पायाळू व्यक्तीने स्वतःच पाय मुरगळून घेतल्यास तिने कोणाकडे जावे, याविषयी परंपरा मौन बाळगते.

टॅलसच्या खाली, पावलातील सर्वांत मोठे हाड, म्हणजे टाचेचे 'कॅल्केनियस', असते. पाऊल आत-बाहेर कलते ते मुख्यतः टॅलस आणि कॅल्केनियस यांच्यामधल्या सांध्यात. वर-खाली होते ते घोट्याच्या सांध्यात. दोन कामांना दोन सांधे असल्यामुळे डोंगरउतारावर नांगरणारा शेतकरी पाय वाकडा ठेवूनही अंग सरळ ठेवू शकतो. टाचेचे हाड मागे भरपूर बाहेर आलेले असते, आणि हे मागे येणेच माणसाच्या चालीचे मर्म आहे. कारण पोटरीची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या मागच्या टोकाला येऊन चिकटते आणि टाच वर ओढते, तेव्हा पाऊल तरफेसारखे चवड्यावर उचलले जाते. बैल, घोडा, कुत्रा यांच्या मागच्या पायात जो 'उलटा गुडघा' लोकांना दिसतो तो गुडघा नसून टाच असते. हे प्राणी आयुष्यभर टाच जमिनीला न टेकवता चालतात, घोडा तर एकाच बोटाच्या नखावर चालतो, आणि पोळ्याला बैलाचे चित्र काढणारी मुले त्याच्या पायाला दोन गुडघे काढतात, त्यात त्यांचा दोष नाही.

या ठिकाणी हडळ या विषयाचा शास्त्रीय परामर्श घेणे भाग आहे. हडळीची पावले उलटी असतात, म्हणजे टाच पुढे आणि बोटे मागे असतात, याविषयी कोकणापासून विदर्भापर्यंतच्या जाणकारांत मतभेद नाही. परंतु गुडघा आणि पोटरी जागच्या जागी ठेवून केवळ पाऊल फिरवले, तर मागे असलेल्या पोटरीला ओढण्यासाठी मागे टाच उरत नाही; तिची कंडरा चवड्याच्या अंगाला कोठेतरी लटकून राहते, आणि तरफेचा सगळा हिशेब उलटा होतो. माणसाचा गुरुत्वमध्य घोट्याच्या पुढे पडतो तो पुढे पसरलेल्या पावलाच्या भरवशावर. हडळीपुढे केवळ टाचेएवढी जमीन असल्यामुळे ती थोडी पुढे झुकली तरी तोंडावर पडेल, आणि तोंडावर पडू नये म्हणून मागे झुकून चालायचे तर तिला वेग येणार नाही. यावरून घाटात रात्री मोटारीच्या वेगाने पाठलाग करणाऱ्या हडळीच्या ज्या हकिगती सांगितल्या जातात, त्यांत पावले किंवा वेग यांपैकी एक तरी तपशील वगळावा लागेल, असे अनुमान निघते. उलट्या पावलांचा एकमेव निर्विवाद लाभ म्हणजे माग काढणाऱ्याची दिशाभूल. टांझानियातील लाएटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्यांची पावले उमटलेली सापडली, आणि टाच आधी टेकवून मग अंगठ्याने रेटा देण्याची माणसाची चाल तेव्हाच अस्तित्वात होती, असे त्या ठशांवरून मानले गेले. ती पावले हडळीची निघाली असती, तर ते प्राणी कोणत्या दिशेला गेले हेच उलट ठरवावे लागले असते.

पोटरीची जी कंडरा टाचेला चिकटते, ती माणसाच्या शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट कंडरा असून धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. एवढे काम करणाऱ्या या दोरीला नाव मात्र मिळाले ते टाचेमुळे मेलेल्या माणसाचे. अकिलीस या ग्रीक वीराला त्याच्या आईने, थेटिसने, पाताळातील स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केले, पण धरलेली टाच कोरडी राहिली आणि तेथेच बाण लागून तो मेला, ही कथा सर्वश्रुत आहे. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात मात्र ना ते नदीत बुडवणे आहे ना टाचेचा काही उल्लेख, आणि अकिलीसचा मृत्यूही त्यात वर्णिलेला नाही. नदीत बुडवल्याची कथा आज उपलब्ध असलेल्या वाङ्मयात प्रथम भेटते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्टेशियस या रोमन कवीकडे. शिशुसंगोपनाच्या दृष्टीने पाहता थेटिसची पद्धत सदोष होती, यात शंका नाही. महाराष्ट्रात तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी अनुभवी स्त्री पाटावर बसून पाय लांब करते, मुलाला आपल्या पायांवर निजवते आणि दोन्ही हात मोकळे ठेवून तेल, पीठ व ऊन पाणी मुलाच्या अंगावर सर्वत्र, टाचांसकट, पोचवते. अशा एखाद्या बाईला थेटिसने तिसऱ्या महिन्यापर्यंत लावून घेतले असते, तर ट्रॉयच्या युद्धाचा इतिहास बदलला असता.

अकिलीसचे नाव कंडरेला देण्याचे काम १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फिलिप फरहेयन या फ्लेमिश शरीररचनातज्ज्ञाने केले. हा गृहस्थ आधी धर्मोपदेशक होण्याच्या मार्गावर होता. आजारामुळे त्याचा डावा पाय कापावा लागला आणि त्यानंतर तो वैद्यकाकडे वळला. आपला कापलेला पाय त्याने जपून ठेवला आणि पुढे स्वतःच त्याचे विच्छेदन केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका इतकी नेटकी असली की अभ्यासकाने तिच्यापासून चार हात दूर राहावे हे बरे.

पावलाचा मृत्यूशी संबंध जोडण्यात भारतीय परंपराही मागे नाही. महाभारताच्या मौसलपर्वात, प्रभासक्षेत्री पहुडलेल्या श्रीकृष्णाला हरीण समजून जरा नावाच्या व्याधाने बाण मारला आणि तो तळपायाला लागला, असे सांगितले आहे. फरक असा की, ग्रीकांनी टाचेतील बाणाने माणूस का मरावा याचे स्पष्टीकरण नदीवर सोपवले, तर सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मस्थाने मोजून त्यांची प्रतवारीच लावली. त्याच्या गणनेप्रमाणे तळपायाच्या मध्यावरील 'तलहृदय' हे मर्म कालांतराने प्राण घेणाऱ्या वर्गात मोडते, तर पाऊल आणि जंघा यांच्या सांध्यावरील 'गुल्फ' हे मर्म केवळ रुजाकर, म्हणजे वेदना देणारे आहे. त्याला इजा झाल्यास माणूस मरत नाही, पाय ताठरतो किंवा लंगडा होतो. ही प्रतवारी ग्रीसपर्यंत पोचली असती तर अकिलीसला मरण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागले असते. फार तर त्याला लंगडत घरी जावे लागले असते. वाकडेतिकडे पाऊल पडल्याने घोट्याच्या ठिकाणी उत्पन्न होणाऱ्या दुखण्यालाही सुश्रुताने 'वातकंटक' असे स्वतंत्र नाव दिले आहे, त्यावरून त्या काळीही रस्त्यांची स्थिती समाधानकारक नसावी.

व्याधींना ज्यांची नावे मिळाली अशा मंडळींत पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाचा मान मोठा आहे. १७५६ च्या जानेवारीत लंडनच्या ओल्ड केंट रोडवर तो घोड्यावरून पडला आणि पायाचे हाड मोडून मांसाबाहेर आले. भोवती जमलेल्या मदतोत्सुक लोकांना त्याने अंगाला हात लावू दिला नाही. थंडीत जमिनीवर पडल्या पडल्या त्याने मेणेवाल्या भोयांना बोलावणे धाडले, तेवढ्या वेळात एक दार विकत घेतले, भोई आल्यावर त्यांच्या दांड्या त्या दाराला ठोकायला लावल्या आणि त्या दारावर निजून तो घरी गेला. पाय कापण्याची तयारी चालू असतानाच त्याचे गुरू नर्स यांनी येऊन पाय वाचवण्याचा सल्ला दिला आणि तो वाचलाही. अंथरुणात सक्तीने पडून असताना पॉटने पुस्तक लिहिले. विषय मात्र अंतर्गळ, म्हणजे हर्निया. घोट्याजवळच्या अस्थिभंगाचे त्याचे वर्णन त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आले आणि त्याला 'पॉटचा अस्थिभंग' हे नाव पडले, तेव्हापासून पॉटने तो स्वतःच्या पायावर सोसला होता असा समज रूढ झाला. वस्तुतः त्या दिवशी त्याचा मोडलेला भाग घोट्याच्या पुष्कळ वर होता.

टाचेच्या हाडाचा अस्थिभंग उंचावरून टाचांवर पडल्याने होतो, आणि पाश्चात्त्य वैद्यकात त्याला 'प्रेमिकाचा अस्थिभंग' असे एक रंगेल टोपणनाव आहे. प्रेयसीचा नवरा अवेळी घरी परतला असता गॅलरीतून उडी टाकणारा इसम या नावामागे गृहीत धरलेला असतो. पडल्याचा धक्का पायातून वर चढत कमरेच्या मणक्यांपर्यंत जातो, म्हणून टाच मोडलेल्या रुग्णाचा कणाही तपासावा असा दंडक आहे. भारतात मात्र या दुखापतीचा वाटा प्रेमिकांच्या पदरी थोडाच पडत असावा. माडावर चढणारा पाडेली, परांचीवर उभा राहून भिंत लिंपणारा गवंडी आणि आंबे उतरवताना फांदीसकट खाली येणारा गडी हेच तिचे खरे धनी होत, आणि त्यांच्या अस्थिभंगाला रंगेल नाव देण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

घोट्याच्या हाडांवर संस्कृतीचा ठसा कसा उमटतो, याचे उदाहरण उकिडवे बसण्याच्या रीतीत सापडते. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसताना चवडा नडगीकडे इतका दुमडतो की टिबियाची खालची पुढची कड टॅलसच्या मानेवर टेकते, आणि वर्षानुवर्षे अशी टेकण झाली की दोन्ही हाडांवर छोटे गुळगुळीत ठसे उमटतात. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक हॅव्हलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या हाडांवरील अशा ठशांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांनी असे मांडले की, हे ठसे आयुष्यात एकदाही उकिडवे न बसलेल्या तान्ह्या मुलांच्या हाडांवरही दिसतात, आणि त्यावरून आईबापांनी कमावलेली लक्षणे मुलांत उतरतात की काय असा मोठा प्रश्न उपस्थित केला. पुढे असे ठसे युरोपीय गर्भांतही सापडू लागल्याने त्या तर्काचा आधार ढासळला. आईच्या पोटात सर्वच वंशांचे गर्भ पाय दुमडून बसतात, म्हणजे उकिडवे बसणे ही पौर्वात्य सवय नसून मनुष्यमात्राची मूळ बैठक आहे आणि खुर्ची हा नंतरचा प्रक्षेप आहे, असे म्हणण्यास जागा होते. घरोघरी कमोड बसवून घेणाऱ्या मध्यमवर्गाच्या टॅलसवर आणखी काही पिढ्यांनी काय दिसेल, हे पाहण्यासाठी थांबावे लागेल.

टाचेच्या हाडाखाली चरबीची जी गादी असते तिची रचना पोटावरच्या चरबीहून सर्वस्वी निराळी असून, चिवट पडद्यांनी बनलेल्या लहान लहान कप्प्यांत ती कोंबलेली असते. त्यामुळे भार पडला तरी ती बाजूला पळून जात नाही. पोटावरची चरबी कोणीही न मागता येते, टाचेखालची मात्र वय वाढेल तशी विरळ होते, हा निसर्गाच्या वाटपातील अन्याय म्हणावा लागतो. तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेल स्रवणाऱ्या ग्रंथी मुळीच नसतात. म्हणून हिवाळ्यात टाचांना भेगा पडतात आणि कोकणात त्यांत कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल, वितळवून भरले जाते.

टाचेच्या तळापासून बोटांकडे जाणारा जो जाड पट्टा पावलाची कमान धरून ठेवतो, तो टाचेशी दुखावला की सकाळी उठल्यावरचे पहिले पाऊल असह्य होते. तळपायाची आग मस्तकात जाणे, हे रागाचे वर्णन म्हणून प्रसिद्ध असले तरी ज्याने ते प्रथम केले, त्याला हे दुखणे असावे असे वाटण्याजोगे ते अचूक आहे. एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखे टोक दिसल्यास 'हाड वाढलंय' असे निदान सोसायटीत सर्वत्र पसरते. परंतु ते टोक कित्येकांना असूनही दुखत नाही आणि कित्येकांना नसूनही दुखते. तापवलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून त्यावर टाच शेकण्याचा उपाय अशा वेळी सुचवला जातो. विटेशी असलेले पावलांचे नाते महाराष्ट्रात असे दोन प्रकारचे आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या विटेवर अठ्ठावीस सेकंदही उभे राहवत नाही.

या सर्व कर्तबगार मंडळींच्या गर्दीत एक स्नायू असा आहे की, त्याच्यावाचून कोणाचेच काही अडत नाही. 'प्लँटारिस' हा तो स्नायू गुडघ्याच्या मागे बोटभर मांसल भागाने सुरू होतो आणि लगेच एका लांबलचक, बारीक कंडरेत रूपांतरित होऊन पोटरीच्या दोन थरांमधून खाली टाचेपर्यंत उतरतो. विच्छेदनगृहातील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ही कंडरा मज्जातंतू समजून मोठ्या आदराने जपतात, म्हणून इंग्रजी वैद्यकीय परिभाषेत तिला नवशिक्यांचा मज्जातंतू असे नावही पडले आहे. माकडांत हा स्नायू पावलाच्या तळापर्यंत जाऊन पकडीला मदत करतो. माणसाने झाडे सोडल्यावर त्याला काम उरले नाही. शल्यविशारदांना मात्र तो प्रिय आहे, कारण हाताची तुटलेली कंडरा जोडण्यासाठी सुटी दोरी हवी असेल तर ही काढून घेतली तरी पायाला पत्ता लागत नाही. अशा दुरुस्तीसाठी बहुधा आधी मनगटाजवळची 'पामारिस लाँगस' नावाची तशीच निरुद्योगी कंडरा पाहिली जाते, पण ती पुष्कळांना जन्मतःच नसते. मग पोटरीकडे वळावे, तर प्लँटारिसही शेकडा सात ते दहा लोकांना नसतो, आणि मनगटावरची कंडरा मूठ वळवून बाहेरून पाहता येते, तशी ही दिसत नसल्यामुळे ती नाही हे बहुधा चीर घेतल्यानंतरच कळते.